चैत्यभूमीवरून फोर्टात

नोव्हेंबर सरत आला की आमच्या पुसदच्या वस्त्यांमधून एकच विचारणा सुरू होते, "यंदा दादरले कोण कोण येऊन राह्यलं?" हे दिवस कापूस वेचणीचे. बायामाणसे पहाटे शेतावर जातात ती दिवे लागल्यावर परततात. चार दिवस मुंबईला जायचे म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडवायची. तरीही घराघरांत डब्यामध्ये गाडीभाड्याचे पैसे साठत असतात. पांढरे लुगडे धुऊन ठेवलेले असते. ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायचे, हे वर्षभर आधी ठरलेले असते.

पुसदला अजून रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम चालू आहे. त्यावरून आपल्या गावात गाडी येईल तो दिवस येईल. तोवर आपली वाट एसटीची. काही जण वाशीममार्गे अकोल्याला जातात आणि तिथून विदर्भ एक्सप्रेस किंवा नागपूरकडून येणारी खास गाडी पकडतात. काही जण उमरखेड, हदगाव करत नांदेड गाठतात आणि देवगिरीने किंवा तपोवनने मुंबईला येतात. या गाड्या शेवटी एकाच ठिकाणी थांबतात. आपल्या म्हाताऱ्या बाया त्या ठिकाणाला अजून व्हीटी म्हणतात. १९९६ मध्ये त्याचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.

आम्ही विहारातले पाच-सहा जण गेली काही वर्षे पुसदहून निघणाऱ्या गटाबरोबर असतो. तिकिटे काढणे, माणसे मोजणे, हरवलेल्यांना शोधणे ही आमची कामे. सुरुवातीला आमचा कार्यक्रम ठरलेला होता. दादरला उतरायचे, शिवाजी पार्कच्या मंडपात पथारी टाकायची, रांगेत उभे राहून चैत्यभूमीवर अभिवादन करायचे, पुस्तकांच्या दुकानांतून फिरायचे आणि परतीच्या गाडीसाठी सीएसएमटीला यायचे. गाडी रात्रीची आणि आम्ही सकाळीच येऊन बसलेलो. गाठोडी मध्ये, भोवती माणसे, असे आठ-आठ तास स्टेशनात काढायचो. बाहेर पडायची हिंमत नव्हती. समोर एवढा मोठा रस्ता, एवढ्या उंच इमारती. त्यात आपले काय काम, असेच सगळ्यांना वाटे.

२००९ साली एका बारावीच्या पोराने हट्ट धरला. तो वाणिज्य शाखेत शिकत होता. त्याला शेअर बाजार आणि रिझर्व्ह बँक बाहेरून का होईना पाहायची होती. आम्ही आठ-दहा जण निघालो. वाट माहीत नव्हती. उन्हात फिरून बाया थकल्या आणि एका उंच इमारतीच्या पायरीवर पाणी प्यायला टेकल्या. रखवालदार धावत आला, "उठा, इथे बसायचे नाही." त्याच पायरीवर पलीकडे कचेरीतले चार जण चहा पीत बसले होते. त्यांना तो काही बोलला नाही. आमच्या बाया मुकाट्याने उठल्या. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "चला, स्टेशनातच जाऊ." त्या दिवशी आम्ही काहीच न पाहता परतलो. त्याला काय सांगावे ते आम्हाला सुचले नाही. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की सांगण्यासारखे पुष्कळ होते. ते आम्हालाच ठाऊक नव्हते.

गावी आल्यावर विहारात यावर वाद झाला. वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते, "आपण अभिवादनाले जातो, मुंबई पाहाले नाही." हे म्हणणे आम्हाला पटले. ६ डिसेंबर हा सहलीचा दिवस नव्हे. पण बाबासाहेब ज्या शहरात शिकले, ज्या शहरात त्यांनी शिकवले, वकिली केली, कॉलेज काढले, त्या शहरातल्या त्या जागा लेकरांना न दाखवता परत आणायचे, हेही पटेना. शेवटी असे ठरले की ६ तारीख पूर्ण चैत्यभूमीची. ७ तारखेला सकाळी ज्यांना यायचे ते फोर्टात चालत जातील आणि रात्रीच्या गाडीने सर्व जण एकत्र परततील. १९५६ साली ७ डिसेंबरलाच दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी त्यांच्या पाऊलखुणा पाहत चालणे हेही अभिवादनच, असे आता आमचे वडीलधारेही म्हणतात.

ज्यांना यंदा जायचे आहे त्यांच्यासाठी ती वाट इथे सांगतो.

दादरहून निघताना पहिली चूक होते ती स्टेशनातच. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांचे क्रमांक बदलले. आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. आपल्याला मध्य रेल्वेची सीएसएमटीकडे जाणारी गाडी हवी. पश्चिम रेल्वेच्या गाडीत बसलात तर चर्चगेटला पोचाल. तसे झाले तरी घाबरू नका; चर्चगेटहून फोर्ट चालत गाठता येतो. मात्र आपली परतीची गाडी चर्चगेटहून कधीच सुटत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते. दादर, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी तिची स्थानके आहेत. पण गटाने जायला लोकलच स्वस्त पडते. धिमी गाडी घ्या, ती परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा करत जाते. परळ आले की लेकरांना सांगा, इथल्या चाळीत बाबासाहेबांनी कितीतरी वर्षे काढली.

सीएसएमटीला १ ते ७ फलाट लोकलचे आणि ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे. रात्री परतताना कुठे यायचे ते सकाळीच सगळ्यांना चालत नेऊन दाखवा. नुसते तोंडी सांगून उपयोग नाही. मग इमारत पाहा. तिचे शिल्पकार फ्रेडरिक स्टीव्हन्स. १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली गाडी गेली. तोच लोहमार्ग पुढे वाढत वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. तो एवढ्या लांब का नेला? आपल्या काळ्या मातीतला कापूस बंदरावर आणण्यासाठी. ही गोष्ट मनात ठेवून पुढे चला, कारण फोर्टात ती पुन्हा भेटणार आहे.

स्टेशनासमोरचा रस्ता वरून ओलांडू नका. खालून भुयारी वाट आहे, तिने पलीकडे जा आणि डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेकडे चालू लागा. दुतर्फा कमानीखालून सावलीचा पदपथ आहे. याच रस्त्यावर आनंद भवन आणि बुद्ध भवन या दोन इमारती आहेत. ही आपली सिद्धार्थ महाविद्यालये. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. पुढे वाणिज्याचे आणि कायद्याचे कॉलेजही निघाले. बँका आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांच्या या मोक्याच्या रस्त्यावर बुद्धाच्या आणि आनंदाच्या नावाच्या पाट्या आहेत. त्या वाचताना आमच्या गटातली एक आजी थांबली. तिला अक्षर येत नाही. नातीने वाचून दाखवले. आजी म्हणाली, "माय, एवढ्या मोठ्या रस्त्यावर आपल्या बापानं शाळा काढली!" आम्ही दारात उभे राहून दोन मिनिटे शांत राहतो आणि पुढे निघतो. आत जायचे असल्यास दारावर रीतसर विचारावे.

पुढे हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन हे त्याचे जुने नाव. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. मशाल हाती घेतलेले कामगार आणि शेतकरी यांचे शिल्प इथे आहे. मुंबई कोणाची, हा तेव्हाचा प्रश्न होता. भांडवल आमचे, व्यापार आमचा, म्हणून मुंबई महाराष्ट्राची नाही, असे काही धनिक म्हणत. बाबासाहेबांनी १९४८ मध्येच भाषावार प्रांत आयोगाला निवेदन देऊन हा दावा खोडून काढला होता आणि मुंबई महाराष्ट्राचीच असल्याचे मांडले होते. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तेव्हा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही तिच्यात होते. ज्याचा पैसा त्याचे शहर, हे आपण तेव्हाही मानले नाही.

चौकातून डावीकडे वीर नरिमन मार्गाने गेले की हॉर्निमन सर्कल लागते. गोल बाग, भोवती सारख्या बांधणीच्या दगडी इमारती. बागेत बसायला सावली आहे. आम्ही शिदोरी इथेच सोडतो. ज्वारीची भाकर, ठेचा, तिळाची चटणी. ही बाग होण्याआधी इथे मोकळे मैदान होते आणि त्या मैदानावर कापसाच्या गाठी रचलेल्या असत. पुढे कापसाचा बाजार कुलाब्याकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला. भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. सगळा डोलारा आपटला. पण त्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारती आजही उभ्या आहेत. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला ज्यांनी देणगी दिली ते प्रेमचंद रायचंद हे कापसाचे आणि शेअरचेच मोठे व्यापारी.

हे ऐकून आमच्यातली एक वेचणारी बाई भाकर हातात धरून बराच वेळ इमारतींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आपल्या आजी-पणजीनं येचलेला कापूसच हा उभा हाय म्हना की." तिच्या बोटांवर बोंडांनी पडलेल्या भेगा होत्या. आम्हाला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

बागेच्या पूर्वेला पायऱ्यांची मोठी रांग आणि पांढरे खांब दिसतात. तो टाउन हॉल, १८३३ सालचा. त्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. तिथून उत्तरेला शहीद भगतसिंग मार्गावर टांकसाळ आणि रिझर्व्ह बँकेची उंच इमारत आहे. इथे लेकरांना नीट उभे करून सांगा. काही जण सांगतात, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली. आपण घडले तेच सांगावे, ते पुरेसे मोठे आहे. १९२३ मध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच विषयावर लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोग आला, त्याला हिल्टन यंग आयोग म्हणतात. त्याच्यापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँक काढण्याची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ पासून रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिची मुख्य कचेरी आधी कलकत्त्याला होती, १९३७ मध्ये मुंबईला आली.

त्यांची मांडणी आपल्या घरातली आहे. रुपयाची किंमत उतरली की बाजारात भाव चढतात. मजुरी मात्र लगेच चढत नाही. निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला जो जादा नफा मिळतो तो मजुराच्या पोटातून गेलेला असतो. म्हणून चलन स्थिर ठेवा, असे त्यांचे म्हणणे. किराण्याचे दर दरवर्षी वाढतात आणि वेचणीचा दर किलोमागे रुपया-दोन रुपयांनी वाढवून घ्यायला किती भांडावे लागते, हे आपल्या बायांना कोणी शिकवायला नको. नोटेवर सही कुणाची असते हे लेकरे विचारतात. त्यांना ती वाचायला लावा. रिझर्व्ह बँकेचे नाणी आणि नोटांचे संग्रहालयही फोर्टातच सर फिरोजशहा मेहता मार्गावर आहे. ते त्या दिवशी उघडे आहे का, हे आधी विचारून मगच जावे.

सर्कलकडे परत येऊन नैर्ऋत्येला वळले की दलाल स्ट्रीट. गल्ली अरुंद, इमारत मोठी. तिचे नाव फिरोज जीजीभॉय टॉवर. शेअर बाजाराची संस्था १८७५ ची. त्याआधी दलाल या भागातल्या वडाच्या झाडांखाली उभे राहून सौदे करत. आज आत आरडाओरडा नाही, १९९५ पासून सौदे संगणकावर होतात. बाहेर काशाचा बैल आहे, लेकरांना तो आवडतो.

या गल्लीत आम्ही जी गोष्ट सांगतो ती २००९ साली ठाऊक असायला हवी होती. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याहून अपमान सोसून मुंबईला परतले. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस. घर चालवण्यासाठी त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. व्यवसाय बंद करावा लागला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. महिना ४५० रुपये पगार. तिथेही काही प्राध्यापकांनी त्यांनी सगळ्यांच्या माठातले पाणी घेण्याला हरकत घेतली. त्यांनी शिकवणे सोडले नाही. पगारातून पैसे शिल्लक टाकले आणि १९२० मध्ये शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. त्याच माणसाने पुढे रुपयावर ग्रंथ लिहिला.

पायरीवरून उठवलेला तो पोरगा आता यवतमाळात एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. गेली चार वर्षे दलाल स्ट्रीटची गोष्ट गटाला तोच सांगतो. माठातल्या पाण्याशी आला की त्याचा आवाज थोडा अडतो. मग तो पुढे चालू लागतो.

तिथून महात्मा गांधी मार्गाने काळा घोड्याकडे आले की एल्फिन्स्टन महाविद्यालय. बडोद्याच्या सयाजीरावांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब इथे शिकले आणि १९१२ मध्ये बी.ए. झाले. पलीकडे ओव्हल मैदानाच्या बाजूला विद्यापीठ आणि मुंबई उच्च न्यायालय. न्यायालयाची इमारत १८७८ ची. १९२३ मध्ये बॅरिस्टर आंबेडकर इथे वकिली करू लागले. इथून सरळ मागे चालत गेले की पुन्हा सीएसएमटी. सगळी वाट लेकुरवाळ्या बायांना घेऊन, बसत-उठत, चार-पाच तासांची.

आता आयाबहिणींसाठी चार गोष्टी. प्रत्येक लेकराच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या खिशात चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, गाव आणि गटातल्या दोघांचे फोन नंबर असू द्या. एका वर्षी आमची एक आजी हुतात्मा चौकात मागे राहिली. चिठ्ठी होती म्हणून पोलीस शिपायाने फोन केला आणि अर्ध्या तासात ती सापडली. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ते स्टेशन सोडण्यापूर्वी ठरवा. जड गाठोडी घेऊन चालू नका. स्टेशनावर गटातली दोन माणसे सामानापाशी पाळीपाळीने थांबू द्या. पाणी घरच्या बाटलीत घ्या. बायांनी शौचाला स्टेशनातच जाऊन निघावे, पुढे सोय शोधावी लागते. बसायचे तर बागेत किंवा मैदानाच्या कडेला बसा. वाट विचारायला लाजू नका. मुलींना विचारायला पुढे करा. त्यांचीच भीती आधी मोडली पाहिजे.

परतीच्या गाडीत आम्ही लेकरांना एकच प्रश्न विचारतो, आज पाहिलेल्यांपैकी कुठे शिकायला किंवा काम करायला आवडेल? पहिल्या वर्षी कोणी बोलले नव्हते. मागच्या खेपेला सहावीतली एक मुलगी चटकन म्हणाली, "नोटेवर सही करतात तिथं." सगळा डबा हसला. तिची आई हसली नाही. तिने पोरीचे डोके मांडीवर घेतले आणि गाडी कल्याणच्या पुढे जाईपर्यंत तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

सकाळी नांदेडला उतरून एसटी धरायची असते आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला जायचे असते. तरीही बंधू-भगिनींनो, यंदा जमत असेल तर एक दिवस जास्त काढा. अभिवादन करून झाले की ७ तारखेला लेकरांना घेऊन फोर्टात चाला. वाट आता तुम्हाला ठाऊक आहे.

जयभीम!